एडी रेप्लिकेशन नीट कसं चालवायचं: एक हेड ऑफिस, तीन ब्रँच आणि चार-पाच डोमेन कंट्रोलर असणाऱ्यांसाठी

एचआरचा फोन येतो की अमुक माणसाला आत्ताच्या आत्ता बंद करा, तुम्ही पुण्याच्या सर्व्हरवर त्याचं अकाउंट डिसेबल करता, "झालं" म्हणून सांगता, आणि दोन तासांनी कळतं की तो सातपूरच्या प्लांटमधून निवांत लॉगिन करून फाइल्स कॉपी करत बसलाय. यात कुणी काही चुकीचं केलेलं नसतं, फक्त पुण्यातला बदल सातपूरच्या डोमेन कंट्रोलरपर्यंत (डीसी, म्हणजे लॉगिन तपासणारा सर्व्हर) पोचलेलाच नसतो. अॅक्टिव्ह डिरेक्टरी (एडी, म्हणजे कंपनीतली अकाउंट आणि मशीन एका जागी सांभाळणारी मायक्रोसॉफ्टची यंत्रणा) सांभाळणाऱ्या बऱ्याच जणांना युजर बनवणं, ग्रुप पॉलिसी लावणं छान जमतं, पण रेप्लिकेशनकडे, म्हणजे एका डीसीवरचा बदल बाकीच्यांवर उतरवण्याकडे, ते मोडल्याशिवाय कुणी बघत नाही, आणि ते मोडतं तेव्हा आवाज करत नाही, महिनोन् महिने गप्प मोडलेलं राहतं. आणि मोडलं की दहातल्या बऱ्याच वेळा दोष रेप्लिकेशनचा नसतोच, खालचा डीएनएस (नावावरून आयपी सांगणारी यंत्रणा), घड्याळ नाहीतर फायरवॉल गंडलेला असतो, त्यामुळे मी सगळं त्याच क्रमाने लिहितोय, खालून वर.

उदाहरणासाठी एक नेहमीची मांडणी धरू. हेड ऑफिस पुण्यात, तिथे दोन डीसी. चाकणला प्लांट, एक डीसी. नाशिकच्या सातपूरला प्लांट, एक डीसी. नागपुरात बुटीबोरीला डेपो, तिथे एक डीसी, तोही कुणाच्या तरी टेबलाखाली. एकच डोमेन, एकच फॉरेस्ट (डोमेनचा समूह).

आधी आत काय चालतं ते

जुन्या एनटी ४ च्या काळात एक प्रायमरी कंट्रोलर असायचा, बदल फक्त त्याच्यावर व्हायचे आणि बाकीच्यांकडे नुसती कॉपी असायची. विंडोज २००० पासून ते बदललं, आता कुठल्याही डीसीवर बदल करा, तो बाकीच्यांकडे जातो. जातो म्हणजे खरं तर ओढला जातो, कारण प्रत्येक डीसी शेजाऱ्याला विचारतो की माझ्याकडे तुझं इथपर्यंतचं आलंय, पुढचं दे. हे "इथपर्यंत" म्हणजे यूएसएन नावाचा वाढत जाणारा नंबर. किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीला जसे पान नंबर असतात तसं समजा, तुमच्या वहीतलं ५०० पर्यंत मी उतरवून घेतलंय, आता ५०१ पासून सांगा. ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की पुढे स्नॅपशॉटचा घोळ का होतो ते आपोआप कळेल.

एका साइटच्या (एडीच्या भाषेत आपसात वेगवान नेटवर्क असलेलं एक ठिकाण) आत बदल झाला की डीसी १५ सेकंद थांबून पहिल्या पार्टनरला कळवतो आणि मग ३-३ सेकंदांनी पुढच्यांना, म्हणजे पुण्यातल्या दोन डीसींमध्ये बदल अर्ध्या मिनिटात पोचायला पाहिजे. दोन साइटच्या मध्ये मात्र असं कळवणं डिफॉल्टला बंदच असतं, तिथे वेळापत्रक चालतं आणि ते डिफॉल्ट १८० मिनिटांचं आहे. तीन तास! वरच्या एचआरच्या फोनचं उत्तर इथेच आहे.

अजून एक, पासवर्डचं वागणं वेगळं असतं. पासवर्ड बदलला की तो पीडीसी एम्युलेटर (जुन्या प्रायमरी कंट्रोलरची कामं करणारा) रोल असलेल्या डीसीला लगेच पाठवला जातो, आणि ब्रँचच्या डीसीला नवा पासवर्ड चुकीचा वाटला तर तो नकार द्यायच्या आधी पीडीसीला विचारून घेतो. म्हणून युजरला नवा पासवर्ड लगेच चालतो. पण उलटं नाही चालत, म्हणजे ज्या ब्रँच डीसीकडे बदल आलेला नाही तिथे जुना पासवर्डही अजून चालूच असतो, कारण त्याच्या लेखी तोच बरोबर आहे आणि तो कुणाला विचारायला जात नाही. माणसाला काढताना "पासवर्ड बदलला ना, बास" असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्या.

आणि ग्रुप पॉलिसीच्या फाइल्स, लॉगिन स्क्रिप्ट हे सगळं सिसव्हॉल फोल्डरमध्ये असतं आणि त्याचं रेप्लिकेशन पूर्ण वेगळ्या इंजिनवर चालतं. डिरेक्टरी ठणठणीत आणि सिसव्हॉल मेलेलं, असं अगदी नेहमी दिसतं.

पायरी १: जे आहे ते लिहून काढा

नवीन ठिकाणी चार्ज घेतला की पहिल्या दिवशी काहीही बदलू नका. एका शीटमध्ये प्रत्येक डीसीचं नाव, आयपी, विंडोजची व्हर्जन, फिजिकल की व्हर्च्युअल, ग्लोबल कॅटलॉग (अख्ख्या फॉरेस्टमधल्या ऑब्जेक्टची शोधायची यादी) आहे का, शेवटचा बॅकअप कधीचा, हे भरा. 'नेटडॉम क्वेरी एफएसएमओ' कमांड पाचही खास रोल (जे एका वेळी एकाच डीसीकडे असतात) कुणाकडे आहेत ते सांगते: स्कीमा मास्टर आणि डोमेन नेमिंग मास्टर अख्ख्या फॉरेस्टला एकेक, तर रिड मास्टर (नव्या ऑब्जेक्टसाठी नंबरांचे गठ्ठे वाटणारा), पीडीसी एम्युलेटर आणि इन्फ्रास्ट्रक्चर मास्टर प्रत्येक डोमेनला एकेक. एकच डोमेन असेल तर सगळेच डीसी ग्लोबल कॅटलॉग करून टाका, उगाच विचार करू नका.

याच शीटवर लिहू नका पण शोधून मात्र काढा: डीएसआरएमचा, म्हणजे डीसी दुरुस्तीसाठी सुरू करायच्या खास मोडचा पासवर्ड. डीसी प्रमोट करताना (साध्या सर्व्हरचा डीसी बनवताना) कुणीतरी पाच-सात वर्षांपूर्वी टाकलेला असतो आणि तो माणूस कधीच नोकरी सोडून गेलेला असतो. एनटीडीएसयूटिल मधून 'सेट डीएसआरएम पासवर्ड' करून नवा टाका, सीलबंद पाकिटात ठेवा. हे आजच करायचं काम आहे, कारण ज्या दिवशी तो लागतो त्या दिवशी बदलता येत नाही.

पायरी २: डीएनएस

डीसी एकमेकांना साध्या नावाने शोधत नाहीत. प्रत्येक डीसीचा एक लांबलचक जीयूआयडी (एकमेव ओळख क्रमांक) असतो आणि त्याची नोंद अंडरस्कोर एमएसडीसीएस झोनमध्ये असते, रेप्लिकेशन पार्टनर ती शोधून आयपीवर पोचतो. त्यामुळे पिंग चालतंय म्हणजे डीएनएस बरोबर आहे असं समजू नका.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे डीसीच्या नेटवर्क कार्डमध्ये दुसरा डीएनएस म्हणून इंटरनेटचा, आठ-आठ-आठ-आठ किंवा प्रोव्हायडरचा टाकलेला असतो, "इंटरनेट बंद पडायला नको" म्हणून. त्याला तुमच्या डोमेनमधलं काहीच माहीत नसतं. इंटरनेटसाठी डीएनएस सर्व्हरच्या फॉरवर्डर्समध्ये बाहेरचा पत्ता टाका, कार्डवर फक्त आपलेच डीसी. कार्डवर पहिला पत्ता दुसऱ्या एखाद्या डीसीचा आणि शेवटचा स्वतःचा ठेवायचा. स्वतःचाच एकटा ठेवला तर तो डीसी स्वतःच्याच जुन्या नोंदींवर विश्वास ठेवून बेटासारखा एकटा पडू शकतो.

तपासायला 'डीसीडायग /टेस्ट:डीएनएस /व्ही' चालवा. नोंदी गायब दिसल्या तर 'आयपीकॉन्फिग /रजिस्टरडीएनएस' करा आणि नेटलॉगॉन सर्व्हिस रिस्टार्ट करा, त्या परत लिहिल्या जातात. मेलेल्या जुन्या डीसीच्या नोंदी मात्र हाताने शोधून काढाव्या लागतात, झोनच्या प्रत्येक सबफोल्डरमध्ये जाऊन, नेम सर्व्हर टॅबसकट. कंटाळवाणं काम आहे पण करा.

पायरी ३: घड्याळ

कर्बेरॉसला, म्हणजे एडीच्या लॉगिन तपासायच्या पद्धतीला, डिफॉल्टला ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. मशीन डीसीकडून वेळ घेतात, डीसी पीडीसी एम्युलेटरकडून घेतात, म्हणून फक्त पीडीसी एम्युलेटरलाच बाहेरच्या सोर्सकडे बोट दाखवायचं, बाकी सगळे डोमेनच्या उतरंडीवर सोडायचे. भारतात सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे घड्याळं एनआयसी (नॅशनल इन्फॉर्मॅटिक्स सेंटर) किंवा एनपीएलच्या (नॅशनल फिजिकल लॅबोरेटरी) टाइम सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळवलेल्या सर्व्हरशी, सिंक असायला पाहिजेत, तेव्हा तेच टाका. ऑडिटवाले विचारतातच.

'डब्ल्यू३२टीएम /क्वेरी /सोर्स' प्रत्येक डीसीवर चालवून बघा. पीडीसीवर उत्तर 'लोकल सीमॉस क्लॉक' आलं तर अख्खं डोमेन एका मदरबोर्डच्या सेलवर चाललंय असं समजा. डीसी व्हर्च्युअल असेल तर हायपरव्हायझरकडून वेळ घ्यायचं सेटिंगही बघा, होस्ट डोमेनकडून वेळ घेतो आणि डोमेन होस्टकडून, अशी गोल गोल फिरणारी साखळी झालेली असते.

पायरी ४: फायरवॉल

ब्रँचमधल्या नव्या फायरवॉलनंतर रेप्लिकेशन बंद, ही तर ठरलेली गोष्ट. डीसी ते डीसी इतके पोर्ट लागतात: डीएनएस ५३, कर्बेरॉस ८८ आणि ४६४, टाइमसाठी यूडीपी १२३, आरपीसी १३५, एलडॅप ३८९ आणि ६३६, एसएमबी ४४५, ग्लोबल कॅटलॉग ३२६८ आणि ३२६९. आणि विसरला जाणारा म्हणजे डायनॅमिक आरपीसीचा पट्टा, सर्व्हर २००८ पासून ४९१५२ ते ६५५३५. फायरवॉलवाला म्हणतो १३५ उघडलाय, टेलनेट होतंय, मग तुमचाच काहीतरी प्रॉब्लेम. तर १३५ वर फक्त "खरं काम कुठल्या पोर्टवर आहे" एवढं विचारलं जातं, खरं काम वरच्या पट्ट्यातल्या पोर्टवर होतं. त्याला हे शांतपणे समजावून सांगा. एवढा मोठा पट्टा उघडायचा नसेल तर रजिस्ट्रीतून डिरेक्टरीच्या रेप्लिकेशनला एक ठरावीक पोर्ट देता येतो, पण ते सगळ्या डीसींवर सारखं करा आणि लिहून ठेवा.

पायरी ५: साइट, सबनेट आणि साइट लिंक

इथे वेळ घाला, कारण बहुतेक कंपन्यांमध्ये हे कधी केलेलंच नसतं. 'साइट्स अँड सर्व्हिसेस' उघडलं की सगळे डीसी 'डिफॉल्ट फर्स्ट साइट नेम' मध्ये पडलेले दिसतात, म्हणजे एडीला वाटतंय की नागपूर आणि पुणे एकाच बिल्डिंगमध्ये आहेत. मग बुटीबोरीचा युजर सकाळी चाकणच्या डीसीवर लॉगिन होतो आणि "लॉगिनला दहा मिनिटं लागतात" अशी तक्रार येते.

आधी साइट बनवा: पुणे, चाकण, सातपूर, बुटीबोरी. मग सबनेट (आयपी पत्त्यांचे पट्टे) बनवून साइटला जोडा, समजा पुणे १०.१०.०.०/१६, चाकण १०.२०.०.०/१६ असं. मग डीसीचे ऑब्जेक्ट आपापल्या साइटमध्ये मूव्ह करा. सबनेट आधी आणि डीसी नंतर, हा क्रम पाळा.

सबनेट राहून जातात ते वायफायचे, व्हीपीएनचे आणि सीसीटीव्हीवाल्याने परस्पर काढलेले. ते पकडायचे कसे, तर डीसीच्या सिस्टिम लॉगमध्ये नेटलॉगॉनचा ५८०७ इव्हेंट बघा, त्यात लिहिलेलं असतं की इतक्या मशीनचे आयपी कुठल्याच साइटमध्ये बसत नाहीत, आणि नेमके कुठले ते विंडोजच्या डीबग फोल्डरमधल्या नेटलॉगॉन लॉग फाइलमध्ये, 'नो क्लायंट साइट' असं लिहून पुढे मशीनचं नाव आणि आयपी. त्या यादीवरून सबनेट भरत जा. एखाद्या क्लायंटवर बसून 'एनएलटेस्ट /डीएसगेटसाइट' मारलं की तो स्वतःला कुठे समजतो ते लगेच कळतं.

आता साइट लिंक. 'डिफॉल्ट आयपी साइट लिंक' मध्ये चारही साइट एकत्र कोंबलेल्या असतात, तसं ठेवू नका. खऱ्या तारा जशा आहेत तशा लिंक करा, पुणे-चाकण, पुणे-सातपूर, पुणे-बुटीबोरी, प्रत्येक लिंकमध्ये दोनच साइट. कॉस्ट डिफॉल्ट १०० असतो, कमी कॉस्टचा रस्ता आधी निवडला जातो. इंटरव्हल १८० वरून १५ मिनिटांवर आणा, त्याहून खाली तो जात नाही. ब्रँच एकमेकींशी थेट बोलू शकत नसतील, सगळं पुण्यावरूनच जात असेल, तर 'ब्रिज ऑल साइट लिंक्स' ची टिक काढा, नाहीतर पुण्याचे डीसी बंद असताना एडी सातपूर ते बुटीबोरी असा रस्ता जोडायला बघेल जो तुमच्या फायरवॉलवर अस्तित्वातच नाही.

१५ मिनिटंही जास्त वाटत असतील आणि लिंक चांगली असेल, आणि आजकाल फायबर असल्यावर ती असतेच, तर साइट लिंकवरच साइटच्या आतल्यासारखं कळवणं चालू करता येतं. लिंकच्या प्रॉपर्टीजमध्ये अॅट्रिब्यूट एडिटर, तिथे 'ऑप्शन्स' रिकामं असेल तर १ टाका. आधीच काही आकडा असेल तर आंधळेपणाने बदलू नका, तो बिटमास्क आहे, म्हणजे त्या एका आकड्यात अनेक सेटिंग एकत्र असतात. माझं मत विचाराल तर चार-पाच साइटच्या कंपनीत हे चालू करायलाच पाहिजे, तीन तासांचा डिफॉल्ट डायल-अप काळातल्या विचाराने ठेवलेला आहे, आज त्याचा उपयोग नाही.

आणि एक कळकळीची विनंती, कनेक्शन ऑब्जेक्ट (कुठला डीसी कुणाकडून बदल घेतो त्याची नोंद) हाताने बनवू नका आणि प्रिफर्ड ब्रिजहेड (साइटच्या वतीने दुसऱ्या साइटशी बोलणारा डीसी) ठरवू नका. केसीसी (एडीमधली रस्ते आपोआप आखणारी प्रक्रिया) दर १५ मिनिटांनी टोपोलॉजी, म्हणजे कोण कुणाशी जोडलंय, बघतो आणि एखादा डीसी पडला तर रस्ता वळवतो, हाताने बनवलेलं कनेक्शन मात्र तो हलवत नाही, आणि ठरवलेले ब्रिजहेड पडले की दुसरा आपोआप उभा राहत नाही. जुन्या माणसाने केलेली हाताची कनेक्शन दिसली तर आठवडाभर नोंद ठेवून मग काढा आणि 'रेपअॅडमिन /केसीसी' चालवा.

पायरी ६: रोज सकाळी काय बघायचं

'रेपअॅडमिन /रेपलसमरी'. चहा यायच्या आत होतं. वरचा भाग सोर्स, खालचा डेस्टिनेशन. 'लार्जेस्ट डेल्टा' म्हणजे शेवटचं यशस्वी रेप्लिकेशन होऊन किती वेळ झाला. साइटच्या आत काहीही बदल नसला तरी तासातून एकदा विचारणा होते, म्हणून तिथे तासापेक्षा बरंच जास्त दिसलं तर बघायला घ्या. साइटच्या मध्ये तुमच्या इंटरव्हलच्या आसपास. फेल्सच्या रकान्यात शून्याशिवाय काही चालत नाही.

तिथे लाल काही दिसलं तर 'रेपअॅडमिन /शोरेपल' ला तारांकन आणि '/सीएसव्ही' जोडून आउटपुट फाइलमध्ये घ्या, एक्सेलला उघडा, फेल्युअरच्या रकान्यावर फिल्टर लावा. कुठला पार्टिशन (डिरेक्टरीचा भाग), कुणाकडून, कधीपासून, कुठल्या एररने, सगळं एका ओळीत मिळतं. हेच शेड्युल्ड टास्कने रोज मेलवर यायला लावा, पण मेल आला नाही तर विचारणारं कुणीतरी ठेवा.

एखादा विशिष्ट बदल पोचला का बघायचं असेल तर 'रेपअॅडमिन /शोऑब्जमेटा', पुढे डीसीचं नाव आणि ऑब्जेक्टचा पूर्ण डीएन (डिरेक्टरीतला पत्ता). कुठलं अॅट्रिब्यूट कुठल्या डीसीवर किती वाजता बदललं ते दिसतं. "मी नाही बदललं" या वादात फार कामाला येतं.

माणसाला तातडीने बंद करायचं असेल तेव्हा 'रेपअॅडमिन /सिंकऑल', आधी ज्या डीसीवर बदल केला त्याचं नाव, मग एकाच स्लॅशपुढे चार अक्षरं: मोठं ए, छोटं ई, मोठं पी, छोटं डी. मोठं ए म्हणजे सगळे पार्टिशन, छोटं ई म्हणजे दुसऱ्या साइटसुद्धा, मोठं पी म्हणजे इथून बाहेर ढकल. पी विसरलात तर उलट्या दिशेने चालतं आणि तुमचा बदल जागेवरच राहतो, लहान-मोठ्या अक्षराला इथे अर्थ आहे. मग सातपूरचा डीसी निवडून तिथे अकाउंट खरंच डिसेबल दिसतंय का बघा आणि मगच एचआरला फोन करा.

पायरी ७: एरर आला तर

१७२२, आरपीसी सर्व्हर अनअव्हेलेबल: समोरचा बंद आहे, फायरवॉल आहे, किंवा डीएनएस जुन्या आयपीवर पाठवतोय. आधी नाव कुठल्या आयपीला जातंय ते बघा, मग पॉवरशेलच्या टेस्ट-नेटकनेक्शनने पोर्ट. ८५२४ म्हणजे सरळ डीएनएस, पायरी २ वर जा. ८४५३, रेप्लिकेशन अॅक्सेस डिनाइड, हा बरेचदा तुम्ही कमांड प्रॉम्प्ट 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर' न करता उघडला म्हणून येतो, घाबरू नका, आधी ते करून बघा. ८४५६ आणि ८४५७ म्हणजे कुठल्यातरी बाजूने रेप्लिकेशन मुद्दाम बंद केलंय, माणसाने किंवा खुद्द एडीने, आणि एडीने केलं असेल तर कारण गंभीर असतं, ते खाली स्नॅपशॉटमध्ये.

'टार्गेट प्रिन्सिपल नेम इज इनकरेक्ट' म्हणजे त्या डीसीचा स्वतःचा मशीन पासवर्ड बाकीच्यांशी जुळत नाही. बिघडलेल्या डीसीवर केडीसी (कर्बेरॉसची तिकिटं देणारी) सर्व्हिस थांबवा आणि मॅन्युअलवर ठेवा, 'केलिस्ट पर्ज' करा, मग 'नेटडॉम रिसेटपीडब्ल्यूडी' चालवून '/सर्व्हर' मध्ये चांगल्या डीसीचं नाव द्या, रिबूट करा, रेप्लिकेशन चालू झालं की केडीसी परत ऑटोमॅटिक. केडीसी परत चालू करायला विसरू नका.

बराच काळ बंद असलेला डीसी

डिरेक्टरीतून काही डिलीट केलं की ते लगेच पुसलं जात नाही, टूमस्टोन म्हणून ठरावीक दिवस राहतं, म्हणजे बाकीच्या डीसींनाही कळावं की हे गेलं. सर्व्हर २००३ सर्व्हिस पॅक १ नंतर बनलेल्या फॉरेस्टमध्ये हा काळ १८० दिवस असतो, त्याआधीच्या फॉरेस्टमध्ये ६०. फॉरेस्ट जुना असेल आणि सर्व्हर कितीही नवे बसवले असतील तरी आकडा आपोआप बदलत नाही. कॉन्फिगरेशन पार्टिशनमध्ये सर्व्हिसेस, विंडोज एनटी, डिरेक्टरी सर्व्हिस, तिथे 'टूमस्टोनलाइफटाइम' बघा, रिकामं असेल तर ६० समजा आणि १८० करा.

आता बुटीबोरीचा डीसी एवढे दिवस बंद राहिला, मदरबोर्ड गेला, पार्ट मिळाला नाही, आणि मग कुणीतरी चालू केला. या काळात डिलीट झालेले युजर त्याच्याकडे जिवंत आहेत आणि बाकीच्यांकडे त्यांचं टूमस्टोनही उरलेलं नाही. यांना लिंगरिंग ऑब्जेक्ट म्हणतात. बाकीचे डीसी त्याच्याकडून घ्यायला नकार देतात, इव्हेंट २०४२ आणि एरर ८६१४ येतो, आणि नेटवर शोधलं की पहिला सल्ला मिळतो तो 'अलाऊ रेप्लिकेशन विथ डायव्हर्जंट अँड करप्ट पार्टनर' ही रजिस्ट्री १ करायचा. सफाई करायच्या आधी ते करू नका. नकार हे संरक्षण आहे, ते काढलंत तर दोन वर्षांपूर्वी काढलेली अकाउंट परत डोमेनभर पसरू शकतात.

सरळ उपाय म्हणजे तो डीसी नेटवर्कवरून काढा, फोर्स डिमोट करा (जबरदस्तीने त्याचा साधा सर्व्हर करा), त्याचा मेटाडेटा (डिरेक्टरीत उरलेल्या त्याच्या नोंदी) साफ करा आणि नव्याने प्रमोट करा. ब्रँचच्या डीसीवर असं काहीही नसतं जे पुण्यात नाही, आणि तसं काही असेल, म्हणजे कुणी त्यावरच टॅली नाहीतर प्रिंट सर्व्हर टाकला असेल, तर तो वेगळा सोडवायचा प्रश्न आहे. सफाईच करायची असेल तर 'रेपअॅडमिन /रिमूव्हलिंगरिंगऑब्जेक्ट्स', आणि आधी '/अॅडव्हायझरी_मोड' लावूनच, म्हणजे नुसती यादी मिळते, डिरेक्टरी सर्व्हिस लॉगमध्ये १९४६ इव्हेंट बघा. तोपर्यंत सगळ्या डीसींवर स्ट्रिक्ट कन्सिस्टन्सी चालू आहे ना ते पक्कं करा, 'रेपअॅडमिन /रेगकी', तारांकन, 'प्लस स्ट्रिक्ट'.

डीसीचा स्नॅपशॉट

अपडेट टाकायच्या आधी स्नॅपशॉट घेतला, अपडेट गंडला, मागे गेलो. बाकी सर्व्हरला ठीक, डीसीला फार घातक. वहीची पानं ७०० पर्यंत गेली होती, स्नॅपशॉटने ती ६०० वर आली, आता नवा युजर ६०१ वर लिहिला जातो, पण शेजारी म्हणतात आमच्याकडे तुझं ७०० पर्यंत आलंय, ६०१ कशाला घेऊ. तो युजर कधीच पुढे जात नाही आणि वरवर एररही दिसत नाही. एडीच्या लक्षात आलं तर इव्हेंट २०९५ टाकून, नेटलॉगॉन पॉज करून तो स्वतःला बाजूला करतो. त्याला रजिस्ट्रीत खटपट करून परत चालू करू नका, डिमोट करून नवा बनवा.

सर्व्हर २०१२ पासून व्हीएम जनरेशन आयडी आला, हायपरव्हायझर आणि डीसी दोन्ही तो ओळखत असतील तर स्नॅपशॉटवरून मागे गेल्याचं डीसीला कळतं आणि तो स्वतःला सावरतो. पण जुनी व्हर्च्युअल डिस्क फाइल नुसती जागेवर कॉपी करून चिकटवली तर ही सुरक्षा जागी होतेच असं नाही. डीसीला सिस्टिम स्टेट बॅकअप, स्नॅपशॉट नाही, एवढं टीमला सांगून ठेवा, खास करून व्हर्च्युअलायझेशन बघणाऱ्या माणसाला.

सिसव्हॉल

'डीएफएसआरमिग /गेटग्लोबलस्टेट' चालवा. 'एलिमिनेटेड' आलं तर बरं. नाहीतर तुम्ही अजून जुन्या एफआरएसवर (सिसव्हॉलचं जुनं रेप्लिकेशन इंजिन, नवं म्हणजे डीएफएसआर) आहात, आणि सर्व्हर २०१९ किंवा पुढचा डीसी जोडायला गेलात की तिथेच अडणार. प्रिपेअर्ड, रिडायरेक्टेड, एलिमिनेटेड असे तीन टप्पे आहेत, प्रत्येक टप्प्यावर सगळे डीसी पोचल्याचं '/गेटमायग्रेशनस्टेट' सांगेल तेव्हाच पुढे जा, शेवटच्या टप्प्यानंतर मागे येता येत नाही. चाकणमध्ये गुरुवारची सुट्टी असते, असली कामं त्या दिवशी काढा.

एखादा डीसी अचानक वीज जाऊन बंद पडला आणि यूपीएसच्या बॅटऱ्या कुणी बदललेल्या नसल्या, की डीएफएस रेप्लिकेशन लॉगमध्ये २२१३ दिसू शकतो, त्या इव्हेंटच्या मजकुरातच रिझ्यूम करायची कमांड लिहिलेली असते, आधी बॅकअप घ्या आणि ती चालवा. ४०१२ दिसला तर हा डीसी ६० दिवसांपेक्षा जास्त मागे राहिलाय. मग त्या एकाच डीसीचं नॉन-ऑथॉरिटेटिव्ह सिंक (म्हणजे दुसऱ्याची कॉपी खरी धरून ती घेणं) करायचं: एडीएसआय एडिटमध्ये त्याच्या कॉम्प्युटर ऑब्जेक्टखाली 'सिसव्हॉल सबस्क्रिप्शन', तिथे 'एमएसडीएफएसआर-एनेबल्ड' फॉल्स करा, सगळीकडे रेप्लिकेट होऊ द्या, त्या डीसीवर 'डीएफएसआरडायग पोलएडी', ४११४ इव्हेंट आला की परत ट्रू, परत पोलएडी, आणि ४६१४ नंतर ४६०४ ची वाट बघा. ४६०४ आला म्हणजे झालं. ४६१४ वरच अडकला तर ज्याच्याकडून घ्यायचंय तोच आजारी आहे, तिकडे बघा.

डीसी काढताना

बंद करून कपाटात ठेवणं म्हणजे काढणं नाही. आधी रोल हलवा, डीएचसीपीमध्ये त्याचा डीएनएस पत्ता कुठे दिलाय ते बदला, प्रिंटर आणि बायोमेट्रिक मशीनमध्ये आयपी हाताने टाकलेला असतो तो शोधा, मग सर्व्हर मॅनेजरमधून डिमोट. मेलाच असेल तर युजर्स अँड कॉम्प्युटर्समधून त्याचा कॉम्प्युटर ऑब्जेक्ट डिलीट करा, २००८ पासूनच्या टूलमध्ये मेटाडेटा तिथेच साफ होतो, फक्त साइट्स अँड सर्व्हिसेसमधलं नाव आणि डीएनएस नोंदी हाताने बघा. त्याचे रोल सीझ केले (जबरदस्तीने दुसऱ्या डीसीकडे घेतले) असतील, विशेषतः रिड मास्टर, तर तो डीसी परत कधीही नेटवर्कला लावायचा नाही.

बुटीबोरीसारख्या टेबलाखालच्या डीसीबद्दल, तिथे साधा डीसी ठेवूच नका, रीड-ओन्ली डीसी ठेवा. तो चोरीला गेला तर फक्त ज्यांचे पासवर्ड त्यावर ठेवायची परवानगी दिली होती तेवढेच बदलावे लागतात.

बॅकअप

पाच डीसी आहेत म्हणून बॅकअप नको, असं म्हणणारे मॅनेजर आहेत. रेप्लिकेशन चुकीचा बदलही तितक्याच इमानदारीने सगळीकडे पोचवतं. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या हा मालवेअर मर्स्क या जहाज कंपनीत घुसला तेव्हा त्यांचे सुमारे १५० डोमेन कंट्रोलर एकमेकांचे आधार होते आणि जवळजवळ सगळेच एकदम गेले, वाचला तो घानामधला एक, तोही तेव्हा तिथली वीज गेली होती आणि सर्व्हर नेटवर्कच्या बाहेर होता म्हणून. आपल्याकडे जेएनपीटी बंदरातलं त्यांच्याच ग्रुपचं टर्मिनल त्या हल्ल्यात ठप्प झालं होतं, न्हावा शेवाच्या रस्त्यावर कंटेनर अडकले होते.

तर किमान दोन डीसींचा, दोन वेगळ्या साइटवरच्या, रोजचा सिस्टिम स्टेट बॅकअप घ्या, 'डब्ल्यूबीअॅडमिन स्टार्ट सिस्टिमस्टेटबॅकअप' पुरतं. एक कॉपी अशी ठेवा जी नेटवर्कवरून कुणालाही, डोमेन अॅडमिनलासुद्धा, पुसता येणार नाही, काढून ठेवलेली डिस्क चालेल. टूमस्टोनच्या काळापेक्षा जुना बॅकअप रिस्टोअर करायच्या कामाचा नाही. 'रेपअॅडमिन /शोबॅकअप' ने शेवटचा बॅकअप कधीचा ते एडीच सांगते. एडी रिसायकल बिन चालू नसेल तर करा, त्याला २००८ आर२ ची फॉरेस्ट लेव्हल लागते आणि एकदा चालू केलं की बंद होत नाही, पण बंद करायची गरजही पडत नाही.

मग तो बॅकअप एका वेगळ्या, बाकी नेटवर्कला अजिबात न जोडलेल्या व्हर्च्युअल स्विचवर रिस्टोअर करून बघा. डीएसआरएमने बूट होतो का, पाकिटातला पासवर्ड चालतो का, सिसव्हॉल शेअर होतं का, बाकीच्या डीसींचा मेटाडेटा काढून एकट्याने लॉगिन देतो का, आणि सगळ्याला मिळून किती तास लागले. तो तासांचा आकडा लिहून आयटी हेडच्या टेबलावर ठेवा.